श्पार्गलच्या दिवसांतली निवडणूक

बाजाराच्या कोपऱ्यावर ती लाकडी टपरी परत आली. एप्रिलमधल्या एका सकाळी ट्रामच्या खिडकीतून दिसली आणि मी तोंड दुसरीकडे वळवलं. इथल्या लोकांना ती दिसली की आनंद होतो. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी कोणीतरी जाहीर करतं, "श्पार्गल आला!" आपल्याकडे हापूसची पहिली पेटी आल्यावर सांगतात ना, तसं. श्पार्गल म्हणजे शतावरीचे पांढरे कोंब. ते मातीच्या ढिगाखालीच वाढवायचे, उजेड म्हणून लागू द्यायचा नाही, म्हणून पांढरे. बोटाएवढे जाड, सोलायला किचकट, आणि चवीला खरं सांगायचं तर उकडलेल्या दोडक्याहून फार काही वेगळे नाहीत. डार्मश्टाटमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं बोलायचा हक्क मला आहे. पण दोन महिने सगळा देश त्या कोंबांच्या मागे वेडा होतो, आणि मीही दर शनिवारी किलोभर आणते. सोलणं मला आवडतं. हात गुंतलेले राहतात, डोळे मोकळे. समोर ओट्यावर लॅपटॉप ठेवता येतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या लॅपटॉपवर ऑस्ट्रेलियाची निवडणूक चालू होती.

आता कोणीही विचारेल, बाई, तू राहतेस जर्मनीत, जन्म तुझा सांगलीचा, ऑस्ट्रेलियाचं तुला काय पडलंय? तर आमच्याकडे ऑस्ट्रेलियाचं राजकारण हा घरगुती विषय आहे. माझा मोठा भाऊ, अजितदादा, मेलबर्नला असतो. वडील, म्हणजे नाना, सांगलीला एकटेच. आई गेली त्याच वर्षी दादाने नानांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं आणि रीतसर अर्ज केला. त्या देशात आईवडिलांना बोलावून घ्यायची सोय आहे. म्हणजे कागदावर आहे. दरवर्षी ठरावीकच म्हाताऱ्यांना आत घ्यायचं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, अशी ती सोय आहे. रांग किती मोठी, तर सगळ्यांना आत घेईपर्यंत रांगेतले बरेचसे उरणार नाहीत. हे कोणी लपवून ठेवलेलं नाही. ते उघड सांगतात, सभ्य भाषेत, आणि अर्ज स्वीकारतात.

नाना अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्याला जमाना झाला, आता ऐंशी ओलांडलेत. पण रांगेत उभं राहायचं म्हणजे नुसतं उभं राहायचं, हे त्यांच्या स्वभावात नाही. जिथे जायचं त्या देशाची माहिती हवी म्हणून त्यांनी टॅबलेटवर मेलबर्नचं वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली, सकाळच्या चहाबरोबर. सहा महिन्यांत ते अशा टोकाला गेले की "आपलं बजेट यंदा जरा ढिलं आहे," असं शेजारच्या देशपांडेकाकांना म्हणाले, आणि काका बिचारे दिल्लीच्या बजेटचा बचाव करत बसले. दादाला स्वतःच्या देशाच्या अर्थमंत्र्याचं भाषण माहीत नसायचं. नाना त्याला समजावून सांगायचे.

दर शनिवारी आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल असतो. मेलबर्नला संध्याकाळ, सांगलीत दुपारची जेवणं आटपलेली आणि माझ्याकडे सकाळ. आई असताना त्या कॉलवर कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, हे विषय असायचे. ती गेल्यावर घरातलं बोलणंच संपलं, आणि तिच्या जागी ऑस्ट्रेलिया आला. नाना म्हणायचे, "तिकडे एखाद्याने दुसरं घर घेतलं, भाड्याने दिलं आणि भाड्यातून कर्जाचं व्याज भागलं नाही, तर तेवढा तोटा पगारातून वजा धरून कर वाचवता येतो. म्हणजे तोट्यात जायला सरकारचं उत्तेजन! आणि मग विचारतात, पोरांना घरं का मिळत नाहीत." हे सांगताना त्यांचा हात हवेत खडू धरल्यासारखा व्हायचा. त्यांचं म्हणणं, ज्या देशात घर राहण्यापेक्षा कर वाचवायला जास्त उपयोगी पडतं, तिथल्या राजकारणाला कोणीतरी गुन्हेगार शोधावाच लागतो. स्वतःकडे बोट कोण दाखवणार? मतदारांच्या नावावरच तर ती दुसरी घरं आहेत. मग उरतो बाहेरून येणारा.

हे सगळं इतकं स्पष्ट दिसत असूनही त्यांना तिथेच जायचं होतं. गंमत नाही ही. नातीच्या घरात, मुलाच्या हाकेच्या अंतरावर मरावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली होती. बाकी सगळं ते धोरणांच्या भाषेत बोलायचे.

माझ्याकडे का नाही, हाही प्रश्न येतोच. माझी मुक्ता, वय वर्षं चौदा, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते, ती एकदा नाना स्क्रीनवर असतानाच मला म्हणाली, "वारूम कोम्ट एर निश्त आयनफाख त्सू उन्स?" ते सरळ आपल्याकडेच का येत नाहीत? नानांना जर्मन येत नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणते ग ती?" मी म्हटलं, "तुम्हाला श्पार्गल खायला बोलावतेय."

खरं उत्तर असं की इथल्या कायद्यात आईवडिलांना जागाच नव्हती. मध्यंतरी केली, पण ती नव्याने येणाऱ्या कुशल कामगारांसाठी, कारण ते यावेत अशी देशाची गरज आहे. आम्ही आधीच येऊन बसलो, आम्हाला आमिष कशाला दाखवायचं? मी आउसलेंडरबेहोर्डेत जाऊन विचारून आले. परदेशी लोकांच्या त्या कचेरीतल्या बाई फार चांगल्या होत्या. "लायडर," म्हणाल्या. दुर्दैवाने. या देशात हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो कानावर पडला की मी पर्स उचलते.

श्पार्गल काढायला पूर्वेकडच्या देशांतून माणसं येतात. रुमानिया, पोलंड. डार्मश्टाटच्या पश्चिमेला, ट्राम संपते तिथून पुढे शेतं लागतात, तिथे सकाळी ती वाकलेली दिसतात. एकेक कोंब हाताने चाचपून काढावा लागतो, यंत्राला ते अजून नीट जमलेलं नाही. हंगाम संपला की माणसं परत जातात. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात लेख येतात, ती मिळत नाहीत, महाग झाली, कमी पडतात. त्यांच्या घरी कोण आहे याबद्दल मी कधी काही वाचलेलं नाही. माझ्याबद्दलही कोणी लिहिणार नाही म्हणा. मी बारा महिने चालणारा हंगाम आहे, एवढाच फरक.

पण श्पार्गलचा हंगाम संपायचा दिवस ठरलेला असतो. जूनच्या चोविसाव्या तारखेला, योहानिसटागला, कापणी थांबते. शेतात कोंब असले तरी, गिऱ्हाईक असलं तरी. मुळांना पुढच्या वर्षासाठी दम घेऊ द्यायचा म्हणून. हे मी एकदा नानांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "माल आहे, मागणी आहे, तरी बंद?" म्हणाले. "तारीख आधीपासून सगळ्यांना माहीत?" मी हो म्हटलं. थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुमच्या त्या भाजीचं बरं आहे."

नानांची एक सवय मला तेव्हा गमतीची वाटायची. रांगेत नाव लागल्यापासून त्यांनी घरात नवीन काही घेणं बंद केलं. "आता कशाला? जायचंच आहे." पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. मोठी पातेली, परात, आईचं इडलीपात्र, सगळं वाटून झालं. भिंतीचा रंग उडाला तरी हात लावला नाही. फ्रीजच्या दाराचं रबर गेलं, दार लागेना, तर त्यांनी हँडलला सुतळी बांधली आणि ती बाजूच्या खिडकीच्या गजाला अडकवून ठेवली. पाणी प्यायचं तर आधी गाठ सोडायची. आत बर्फाचे ढीग. मी ओरडायचे, "अहो नाना, दुरुस्त तरी करून घ्या!" तर म्हणायचे, "दुरुस्तीवाला म्हणतो नवीनच घ्या. आणि नवीन घेऊन काय मेलबर्नला नेऊ?" दादा आणि मी हसायचो. दर वर्षी त्याच विनोदावर हसायचो, आणि दर वर्षी सुतळी तेवढी बदललेली असायची.

तिकडच्या निवडणुकीचा दिवस म्हणजे आमच्या घरातला सण होता. ऑस्ट्रेलियात मत देणं सक्तीचं आहे, आणि एका नावापुढे खूण करून भागत नाही. सगळ्या उमेदवारांना क्रमांक द्यावे लागतात, पहिला, दुसरा, तिसरा, अगदी नावडत्यालाही शेवटचा. नानांना ही पद्धत बेहद्द आवडायची. "माणसाला कोण हवं हे कोणीही विचारतं. कोण किती नको, हे इथेच विचारतात." शनिवारी मतदान असतं, शाळेत. अंगणात पालक मंडळी सॉसेज भाजून पावात घालून विकतात. दादा शाकाहारी, तो नुसता कांद्याचा पाव घ्यायचा आणि तिथून व्हिडिओ लावायचा. "बोला नाना, पहिला कोण?" नाना आधीपासून तयार असायचे. प्रत्येक उमेदवाराची भूमिका, कारणं, क्रमांक. दादा त्याप्रमाणे मत द्यायचा की नाही देव जाणे, पण "दिलं हं तुमचं मत," असं बाहेर येऊन सांगायचा. नाना समाधानाने वामकुक्षीला जायचे. ज्या देशात त्यांना कायमचं राहायची परवानगी नव्हती, त्याच्या कारभारात त्यांनी आपला वाटा असा उचलला होता.

गेल्या वर्षी सगळा प्रचारच घरांवर झाला. भाडी, व्याजदर, पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना सवलत, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न, किती माणसं आत घ्यायची. दोन्ही मोठे पक्ष म्हणत होते, कमी. एक म्हणायचा आम्ही कमी करतोच आहोत, दुसरा म्हणायचा आम्ही आणखी कमी करू. तिसरा कोणी अपक्ष उठायचा आणि म्हणायचा, काही वर्षं दार बंदच ठेवा. नाना पाठवायचे ते सगळं मी वाचत होते. इथे जर्मनीतही त्याच हिवाळ्यात निवडणूक होऊन गेली होती, तीही याच भांडणावर. एका वर्षात दोन खंडांवर तेच ऐकून माझे कान किटले. आणि गंमत अशी की कोणी खोटं बोलत नव्हतं. घरं खरंच कमी आहेत. भाडी खरंच परवडत नाहीत. प्रत्येकाचं गणित बरोबर, आणि प्रत्येकाच्या उत्तरात माझा बाप बाहेर.

त्या शनिवारी मी श्पार्गल घेऊन आले, पाणी उकळत ठेवलं, लॅपटॉप उघडला. नाना आधीच आलेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दादा आला तो शाळेच्या अंगणातून नाही, घरातून, सोफ्यावरून.

"मतदान झालं?" नानांनी विचारलं.

"मंगळवारीच देऊन आलो, नाना. आता आधी देता येतं. शनिवारी गर्दी फार."

"मला बोलला नाहीस."

"ऑफिसच्या मधल्या सुट्टीत गेलो ना. घाईत होतो."

नाना म्हणाले, "बरं. क्रम काय दिलास?"

दादाने सोफ्यावरची उशी मांडीवर घेतली. मागून त्याच्या मुलीचा, सईचा, आवाज आला, कोणाशी तरी फोनवर बोलत होती. सई दोन महिन्यांपूर्वी घरी परत राहायला आली होती. नोकरी चांगली, पण भाड्याचं घर मिळेना. एकेका घरापुढे हिच्यासारख्याच तरुण, पगारदार मुलांची रांग लागायची. शेवटी दादाने मागची खोली तिला दिली. ती खोली नानांची होती. म्हणजे नानांसाठी म्हणून आठ वर्षं ठेवलेली, बाथरूममध्ये धरायला दांडाही बसवून घेतलेला.

"तो अपक्ष आहे ना," दादा म्हणाला, "त्याला पहिला दिला."

"दार बंद करा म्हणणारा?"

"नाना, अहो, सिच्युएशन बघा ना इथली. सईला घर मिळत नाही. हॉस्पिटलमध्ये नंबर लागत नाही. इन्फ्रास्ट्रक्चरच नाहीये इतक्या लोकांना. थोडी वर्षं थांबवा, एवढंच तर म्हणतोय तो. आणि तो सगळ्यांबद्दल बोलतो, तुमच्याबद्दल नाही."

"मी सगळ्यांतच येतो रे," नाना म्हणाले.

माझ्या हातात सोलणी होती. मी सोलत राहिले. कोंबाचं टोक सोलायचं नसतं, ते कोवळं असतं, आणि मी टोकही सोलून टाकलं. मग मी दादाला बोलले. खूप बोलले. तुला लाज नाही वाटली, असंही म्हटलं. दादा म्हणाला, "वसू, तू तिकडे बसून बोलू नकोस. तू ने त्यांना." मी त्या कचेरीत जाऊन आले होते, हे त्याला माहीत होतं.

नानांनी आम्हाला थांबवलं. वर्गात थांबवायचे तसं, आवाज न चढवता. "भांडू नका. अजितचं बरोबर आहे. पुरवठा वाढत नसेल तर मागणी आवरावी लागते, मी पोरांना हेच शिकवलं. म्हातारा माणूस कर भरत नाही, दवाखाना मात्र वापरतो. मी तिथे अर्थमंत्री असतो, तर मीही मला घेतलं नसतं."

तेवढ्यात तिकडे मतमोजणी सुरू झाली. आम्ही तिघेही ती बघत बसलो, कारण दुसरं काय करणार? थोड्याच वेळात चित्र स्पष्ट झालं. सरकार होतं तेच परत आलं, आणखी मोठं होऊन. दादाचा अपक्ष आपटला. त्याने काहीही फरक पडला नाही. जिंकलेल्यांनीही कमीच माणसं घेऊ असंच सांगितलं होतं, आणि रांग होती तिथेच राहिली. माझ्या भावाने बापाविरुद्ध दिलेलं मत वायाच गेलं होतं, तरी ते आमच्या घरात मोजलं गेलं.

त्या दिवशीचा श्पार्गल कोणी खाल्ला नाही. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याचं सूप केलं.

त्यानंतर आम्ही तिघे भेटत राहिलो, दर शनिवारी. दादा जास्तच प्रेमाने बोलायचा. मेघनावहिनी मुद्दाम येऊन "नाना, तब्येत कशी?" विचारायची. नाना नव्या मंत्रिमंडळाबद्दल काही बोलले नाहीत. बजेट आलं, गेलं. मीच एकदा विषय काढला, त्या दुसऱ्या घराच्या कर-सवलतीचं पुढे काय होणार म्हणून, तर म्हणाले, "बघितलं नाही ग. डोळे दुखतात हल्ली." टॅबलेट मला त्यांच्या मागे कपाटावर दिसत होता, चार्जरला न लावलेला. मला वाटलं, आता कोणीतरी रडावं, मी तरी. पण कॉल संपेपर्यंत मुक्ताच्या शाळेचा विषय निघाला आणि मी तिच्या गणिताच्या मार्कांवर चिडले.

मी ऑस्ट्रेलियावर रागावू शकत नाही. तो देश मी पाहिलेलाही नाही. जर्मनीवर रागावते, पण इथला टॅक्स भरते आणि हिवाळ्यात इथल्याच हीटरला पाय लावून बसते. दादावर रागावले, तर दादाच्या मागच्या खोलीत सई झोपलेली दिसते. राग ठेवायला जागाच सापडत नाही. आपण देश सोडला तेव्हा वाटलं होतं, आपण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातोय. आईबापांना आपण कुठे ठेवून आलो, हे कोणी विचारलं नाही, आणि आपणही नाही. आता विचारलं तरी बदलत काही नाही.

आज शनिवार. टपरीवरच्या बाईने मला ओळखलं. "व्हीडर आयन किलो?" पुन्हा एक किलो? मी हो म्हटलं आणि घेऊन आले. सोलायला बसले, लॅपटॉप उघडला. दादा आला. नाना आले ते घाईत, चेहरा उजळलेला, असा मी वर्षभरात पाहिला नव्हता. क्षणभर माझ्या मनात वेडी आशा आली. वाटलं, काहीतरी कळलं, नंबर लागला.

"थांबा, दाखवतो," असं म्हणून त्यांनी समोर ठेवलेला फोन उचलला. स्क्रीनवर छत दिसलं, पंखा दिसला, मग स्वयंपाकघर. तिथे खिडकीजवळ चकचकीत करड्या रंगाचा फ्रीज उभा होता. गजाला सुतळी नव्हती.

"घेतला," नाना म्हणाले.

त्यांनी दार उघडून दाखवलं. आतला दिवा लागला. दुधाची पिशवी, अर्धं लिंबू, औषधं. दार त्यांनी सोडलं, तर ते आपोआप बंद झालं, ते त्यांनी दोनदा करून दाखवलं.

दादा म्हणाला, "वा, नाना! बेस्ट झालं." मी हातातली सोलणी खाली ठेवली.

"कॉम्प्रेसरला दहा वर्षांची गॅरंटी आहे," नाना म्हणाले. "मला पुरेल."